जुना ८-बिट टीव्ही गेम चालू होत नाही? पॉवरच्या तक्रारींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन प्रकारच्या मशीनसाठी आहे. पहिलं, निन्टेन्डोचा जपानी फॅमिकॉम (१९८३). दुसरं, त्याचाच अमेरिकेत १९८५ मध्ये आलेला भाऊ एनईएस. आणि तिसरं, आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले फॅमिकॉमच्या धर्तीवरचे टीव्ही गेम, ज्यात ६० पिनांची पिवळी-निळी कॅसेट वरून खोचायची असते. सेगाच्या मेगा ड्राइव्हचा उल्लेख गरजेपुरता केला आहे. या सगळ्यांचं पॉवरचं गणित जवळपास एकच आहे: बाहेर ॲडॅप्टर, आत एक मोठा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा पार्ट) आणि ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर धरून ठेवणारा पार्ट). असे कितीतरी सेट निव्वळ दहा रुपयांच्या पार्टसाठी भंगारात गेले. ते वाचवता येतात, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं आहे.

सेट पूर्ण डेड आहे. सुरुवात कुठून करू?

करंट ज्या वाटेने येतो त्याच वाटेने चाला. स्विचबोर्ड, ॲडॅप्टर, त्याची वायर, पिन, सेटचा डीसी जॅक, ऑन-ऑफ स्विच, मोठा कपॅसिटर, ७८०५, आणि मग ५ व्होल्टची लाइन जी चिपपर्यंत जाते. प्रत्येक टप्प्यावर मीटर लावून "इथपर्यंत आला का?" एवढंच बघायचं. जिथे तो थांबला, तिथे दोष.

लोक नेमकं उलटं करतात: आधी चिप गेली असं ठरवतात, मग सेट माळ्यावर जातो. खरं तर चिप सगळ्यात शेवटी जाते. सगळ्यात आधी जाते ती ॲडॅप्टरची वायर, पिनेजवळ जिथे ती रोज वाकते तिथे. त्यानंतर जॅकचा डाग (सोल्डरचा जोड), मग स्विच.

कोणती हत्यारं लागतील?

डिजिटल मल्टिमीटर (साधा, पिवळा चालेल), फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, डीसोल्डर पंप, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे हे सगळं एका फेरीत मिळतं.

मूळ ॲडॅप्टर हरवला आहे. कोणता घेऊ?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच, कारण चांगले चालणारे सेट चुकीच्या ॲडॅप्टरनेच मरतात. पिन बसली म्हणजे ॲडॅप्टर जुळला असं नाही. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: एसी की डीसी, किती व्होल्ट, आणि पिनेच्या मधल्या भोकात प्लस आहे की मायनस.

जपानी फॅमिकॉमचा मूळ ॲडॅप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीॲम्पिअर, मधे मायनस. एनईएसचा मूळ ॲडॅप्टर ९ व्होल्ट एसी, १.३ ॲम्पिअर. हो, एसी, त्या सेटमध्ये आतच ब्रिज रेक्टिफायर आहे (एसीचा डीसी करणारे चार डायोड; डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट). त्यामुळे एनईएसला डीसी ॲडॅप्टर लावला तरी चालतो आणि मधे प्लस की मायनस याने काही बिघडत नाही. याच्या उलट मात्र कधीही करू नका. फॅमिकॉममध्ये तो ब्रिज नाही, म्हणून एनईएसचा एसी ॲडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर कपॅसिटर आणि रेग्युलेटरमध्ये दर सेकंदाला पन्नास वेळा उलटा करंट घुसतो. दोन्ही जुनी मशीन एकाच खोक्यात ठेवणाऱ्यांनी ॲडॅप्टरवर मार्करने नाव लिहून ठेवावं.

मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधे मायनस लागतो, दुसऱ्या मॉडेलला मधे प्लस. नाव एक, पण पिन आणि दिशा दोन्ही वेगळ्या.

आपल्याकडच्या टीव्ही गेमना बहुतेक ९ व्होल्ट डीसी लागतो आणि फॅमिकॉमचाच आराखडा असल्याने बऱ्याचदा मधे मायनस असतो. पण "बऱ्याचदा" या शब्दावर सेट पणाला लावू नका. जॅकजवळ प्लस-मायनस दाखवणारं गोलाचं चिन्ह असेल तर ते बघा. चिन्ह नसेल किंवा पुसलं गेलं असेल, तर सेट उघडा, स्विच ऑन करा (ॲडॅप्टर न लावता) आणि मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असतील तर बीप वाजवणाऱ्या मोडवर) ठेवा. एक प्रोब जॅकच्या मधल्या काडीला, दुसरा ७८०५ च्या वरच्या पत्र्याला. तो पत्रा म्हणजे ग्राउंड. बीप वाजला तर मधे मायनस. वाजला नाही, तर प्रोब जॅकच्या बाहेरच्या पट्टीला लावा; तिथे वाजला तर मधे प्लस.

वायफाय राउटरचा ॲडॅप्टर चालेल का? पिन तर अगदी बरोबर बसते.

तीच तर अडचण आहे. राउटर आणि सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॅप्टरमध्ये जवळपास नेहमी मधे प्लस असतो, आणि बरेचसे १२ व्होल्टचे असतात. मधे मायनस मागणाऱ्या टीव्ही गेमला हे उलटं जातं. १२ व्होल्ट सरळ दिशेने दिले तर सेट चालेल, पण ७८०५ तापेल. किती ते खाली हिशेबासह दिलं आहे.

९ व्होल्ट, मधे मायनस, ५.५ बाय २.१ मिलीमीटरची पिन हे सगळं एकत्र हवं असेल तर वाद्यांच्या दुकानात जा. गिटारच्या इफेक्ट पेडलचा ॲडॅप्टर नेमका असाच असतो. फक्त लेबलवर १ ॲम्पिअर लिहिलं आहे ना ते बघून घ्या. २०० मिलीॲम्पिअरवाले पुरत नाहीत.

जास्त ॲम्पिअरचा ॲडॅप्टर लावला तर सेट जळेल का?

नाही. ॲम्पिअर म्हणजे ॲडॅप्टर किती देऊ शकतो. सेट हवा तेवढाच घेतो. जास्त चालेल, कमी चालणार नाही.

ॲडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय, पण मीटर १३ दाखवतो. खराब आहे का?

जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला जुना ॲडॅप्टर असेल तर हे बरोबर आहे. त्यात व्होल्टेज धरून ठेवणारं काही नसतं. लेबलवरचा आकडा पूर्ण लोडवरचा असतो. मोकळा मोजला की १२ ते १४ व्होल्ट दिसतात. ७८०५ ला ३५ व्होल्टपर्यंतचा इनपुट सहन होतो, त्यामुळे घाबरू नका. मोजायचं असेल तर सेट चालू असताना, ७८०५ च्या इनपुट पायावर मोजा. तो आकडा ७ च्या खाली जायला नको, कारण ५ व्होल्ट देण्यासाठी ७८०५ ला वर साधारण २ व्होल्टची मोकळीक लागते.

हलका, एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सर्किट असलेला) ॲडॅप्टर मात्र मोकळाही ९ च्या आसपासच दाखवतो. तो १३ दाखवत असेल तर फेका.

३ ते १२ व्होल्ट निवडता येणारा, पोलॅरिटीचं बटण असलेला ॲडॅप्टर घ्यावा का?

घरात लहान मुलं असतील तर घेऊ नका. दोन्ही सरकती बटणं नखाने हलतात. आधीच घेतला असेल तर मीटरने एकदा बरोबर लावा आणि बटणांवर चिकटपट्टी मारा.

अमेरिकेहून किंवा जपानहून आणलेला सेट इथे लावायचा आहे.

तिकडे राहणारे नातेवाईक येताना जुना कन्सोल आणतात आणि पहिल्याच दिवशी ॲडॅप्टर जळतो, हे फार होतं. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पिन बदलणारा कन्व्हर्टर प्लग फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. १२० च्या ट्रान्सफॉर्मरला २३० मिळाले की काही क्षणांत गुणगुण, मग वास, मग आतला थर्मल फ्यूज तुटतो. सुदैवाने बहुतेक वेळा मरतो तो ॲडॅप्टर, सेट नाही.

उपाय दोन. २३० चे ११० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. एनईएसच्या ॲडॅप्टरवर १७ वॉट लिहिलेलं असतं, त्यामुळे ५० व्हीएचा भरपूर झाला. जपानी ॲडॅप्टरसाठी १०० व्होल्टचा टॅप असलेला मागा. दुसरा उपाय आम्हाला जास्त पटतो: मूळ ॲडॅप्टर आठवण म्हणून ठेवा आणि इथलाच ९ व्होल्टचा घ्या. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके व्होल्टेज कन्व्हर्टर वापरू नका, ते लाट कापून व्होल्टेज कमी करतात आणि ट्रान्सफॉर्मरला ती कापलेली लाट सोसत नाही.

आणखी एक. जपानी फॅमिकॉमला पॉवरचा दिवाच नसतो. शिवाय त्याचा ॲन्टेनाचा सिग्नल जपानी चॅनल १ किंवा २ वर आणि एनटीएससीत (जपान-अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीत) निघतो, जो आपल्या टीव्हीच्या चॅनलांशी जुळत नाही. म्हणून "दिवा नाही, चित्र नाही, म्हणजे डेड" असं फॅमिकॉमबद्दल म्हणता येत नाही. आत ५ व्होल्ट मोजा आणि मगच ठरवा.

लाल दिवा लागतच नाही. टप्प्याटप्प्याने सांगा.

आधी ॲडॅप्टरची पिन मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर (एनईएसचा मूळ ॲडॅप्टर असेल तर एसीवर), लाल प्रोब भोकात, काळा बाहेरून. आकडा वजा आला तर मधे मायनस आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोजतानाच वायर पिनेजवळ आणि ॲडॅप्टरच्या तोंडाशी वाकवून बघा. आकडा नाचला की वायर आतून तुटली आहे. पिनेपासून चार-पाच सेंटीमीटर वायर कापून नवी पिन लावा, आणि कापण्याआधी कोणती तार मधल्या भोकाला जाते ते लिहून ठेवा.

पिनेवर व्होल्टेज ठीक असेल तर पिन जॅकमध्ये घालून हलवा. दिवा लुकलुकला तर दोष जॅकमध्ये. सेट उघडून पीसीबीच्या (ज्या पाटीवर सगळे पार्ट डागलेले असतात तिच्या) मागच्या बाजूला जॅकचे तीन डाग भिंगातून बघा. वर्षानुवर्षं पिन ओढल्याने डागाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. डाग चकचकीत न दिसता राखाडी, दाणेदार दिसतो. यालाच मेकॅनिक ड्राय सोल्डर म्हणतात. जुनं सोल्डर पंपाने ओढून घ्या, पाय अल्कोहोलने पुसा, नवा डाग द्या. जुन्यावरच नवं थापलं तर महिन्याभरात परत तीच चीर येते.

जॅकनंतर स्विच. सेट ऑन ठेवून स्विचच्या दोन पायांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत असेल तर स्विच चांगला. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आतले पत्रे काळे पडले आहेत आणि तेवढं व्होल्टेज तिथेच खाल्लं जातं. ॲडॅप्टर काढा, स्विचच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब सोडा आणि पन्नासेक वेळा सरकवा. गंज सोडवायचा स्प्रे यासाठी नाही. त्याचं तेल मागे राहतं आणि धूळ धरतं.

त्यानंतर ७८०५. अक्षरं आपल्याकडे, पाय खाली: डावा इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. काळा प्रोब मधल्या पायावर ठेवा. डाव्यावर ७ ते १३ आणि उजव्यावर ४.८ ते ५.२ आले पाहिजेत. इनपुट आहे, आउटपुट शून्याजवळ आहे, तर रेग्युलेटर गेला आहे किंवा पुढे शॉर्ट आहे. दोन्हींतला फरक पुढच्या प्रश्नात.

७८०५ खूप तापतो आणि ५ ऐवजी १-२ व्होल्टच देतो. तोच गेला ना?

लगेच बदलू नका. पुढे शॉर्ट असेल तर नवा ७८०५ पण तसंच करेल, कारण तो स्वतःला वाचवायला करंट आवळतो.

आधी कॅसेट काढा आणि दोन्ही कंट्रोलर काढा, मग परत मोजा. कंट्रोलरची वायर आतून चिरडली की ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारा एकमेकांना टेकतात आणि सगळा सेट बसतो. हा दोष सेटच्या बाहेर असतो आणि लोक आत शोधत बसतात.

तरीही तेच असेल तर ॲडॅप्टर काढून, मीटर ओहमवर ठेवून, ७८०५ च्या आउटपुट आणि ग्राउंडमध्ये मोजा. आकडा हळूहळू चढत शेकड्यांत गेला तर ठीक. चढतो कारण कपॅसिटर भरत असतात. पाच ओहमच्या आत अडकून राहिला तर शॉर्ट आहे. आता ७८०५ चा फक्त उजवा पाय डागातून मोकळा करून वर उचला आणि पॉवर द्या. मोकळ्या पायावर ५ व्होल्ट आले तर रेग्युलेटर निर्दोष, शॉर्ट बोर्डावर आहे. त्यात पहिला संशय ५ व्होल्टच्या लाइनवरच्या लहान कपॅसिटरवर घ्या आणि एकेकाचा एक पाय उचलून ओहम परत मोजा.

७८०५ बदलायचाच आहे. काय काळजी घेऊ?

टीओ-२२० बॉडीचा, १ ॲम्पिअरचा घ्या. हीट सिंकचा (उष्णता ओढून घेणाऱ्या पत्र्याचा) स्क्रू आधी सैल करा, मग पाय सोडवा. उलटं केलं तर प्रिंट (बोर्डावरची तांब्याची रेघ) उपटून येते. नव्याच्या पत्र्याला थोडी हीट सिंक पेस्ट लावा. पत्रा ग्राउंडच असल्याने अभ्रक मधे घालायची गरज नाही.

आधी फक्त डावा आणि मधला पाय डागा. उजवा मोकळा ठेवून पॉवर द्या आणि ५ व्होल्ट मोजा. मगच तो डागा. दोन मिनिटं जास्त जातात, पण पाय उलटसुलट बसला असेल किंवा माल बनावट असेल तर ९ व्होल्ट थेट चिपवर जात नाहीत. टीव्ही गेममधली काळ्या थेंबाखालची ती चिप बाजारात सुटी मिळत नाही.

जागा कमी पडते म्हणून ७८०५ लांब तारांवर टांगू नका. त्याच्या इनपुटजवळ ०.३३ आणि आउटपुटजवळ ०.१ एमएफडीचे (मायक्रोफॅरडचे) कपॅसिटर हवे असतात; तारा लांबल्या की तो स्थिर राहत नाही आणि चित्रात मुंग्या दिसतात.

दहा-पंधरा मिनिटं छान चालतो, मग चित्र गोठतं. बंद करून थंड केला की परत चालतो.

उष्णतेचा दोष. हिशेब सोपा आहे: इनपुटमधून ५ वजा करा आणि करंटने गुणा. ९ व्होल्ट आणि अर्धा ॲम्पिअर असेल तर २ वॉट. १२ व्होल्ट असेल तर साडेतीन वॉट. हीट सिंक नसलेला ७८०५ प्रत्येक वॉटमागे साधारण ६५ अंश सेल्सिअसने वर चढतो. म्हणजे २ वॉटला १३० अंश, वर नागपूरच्या मे महिन्याचे ४५. दीडशेच्या आसपास तो स्वतःच बंद पडतो.

म्हणून आधी हीट सिंकचा स्क्रू घट्ट आहे का बघा; तीस वर्षांत तो सैल होतोच आणि पेस्ट खडूसारखी कोरडी पडते. जुनी खरवडून नवी लावा. हलक्या सेटमध्ये हीट सिंक म्हणून काडेपेटीहून लहान पत्रा असतो. जागा असेल तर मोठा ॲल्युमिनियमचा तुकडा लावा, फक्त तो कुठल्या डागाला टेकायला नको. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर असेल तर ९ चा आणा. आणि सेट चादरीवर ठेवून खेळू नका, खालच्या जाळ्या बंद होतात.

चित्रात आडवे काळसर पट्टे सरकतात आणि आवाजात घरघर येते.

मोठा कपॅसिटर सुकला आहे, सेटमधला किंवा ॲडॅप्टरमधला. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनला ब्रिज रेक्टिफायर सेकंदाला शंभर वेळा कपॅसिटर भरतो, दर दहा मिलीसेकंदांनी एकदा. मधल्या वेळात सेटची भूक कपॅसिटर भागवतो. सेट पाव ॲम्पिअर घेत असेल आणि कपॅसिटर १००० एमएफडीचा असेल, तर त्या वेळात व्होल्टेज कागदावर अडीच व्होल्टने खाली येतं, प्रत्यक्षात थोडं कमी. तोच कपॅसिटर सुकून ३०० चा उरला की घसरण आठ व्होल्टच्या घरात जाते. ७८०५ ला ७ हवे असताना प्रत्येक खळग्यात ते मिळत नाहीत आणि तोच खळगा पडद्यावर पट्टा होऊन दिसतो.

पट्टे मोजा. ५० हर्ट्झच्या पाल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) सेटवर दोन पट्टे असतील तर कपॅसिटर. एकच जाड पट्टा असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला असावा, कारण मग भरणं सेकंदाला पन्नासदाच होतं. मीटरच्या डायोड मोडवर चारही डायोड तपासा. एका दिशेने ०.५ ते ०.७, दुसऱ्या दिशेने काहीच नाही, असं हवं.

स्वस्त मीटरवर एसी मोजून हा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) पकडायला जाऊ नका. त्यांची सगळ्यात खालची एसी रेंज बऱ्याचदा २०० व्होल्टची असते आणि काही मीटर त्या रेंजवर सरळ डीसीलाही खोटा आकडा दाखवतात. त्यापेक्षा चांगला कपॅसिटर संशयित कपॅसिटरला समांतर टेकवून बघा, प्लसला प्लस, मायनसला मायनस, पॉवर बंद असताना. नंतर चालू करा. पट्टे गेले, निदान झालं.

एसएमपीएस ॲडॅप्टर लावल्यावर पट्टे गेले तर त्यातून सेटमधला कपॅसिटर चांगला आहे असं सिद्ध होत नाही. त्या ॲडॅप्टरमधून १०० हर्ट्झचा खळगा येतच नाही, म्हणून आतल्या कपॅसिटरची परीक्षाच होत नाही. पण तसंच वापरायचं असेल तर खुशाल वापरा.

कपॅसिटर कोणता मागू आणि कसा बदलू?

जुन्यावर लिहिलेली एमएफडी तेवढीच ठेवा किंवा दुपटीपर्यंत वाढवा, व्होल्टेज मूळपेक्षा कमी नको. १६ व्होल्टचा असेल तर २५ चा घ्या, १०५ अंशांचा. दुकानात "हजार बाय पंचवीस" किंवा "बावीसशे बाय पंचवीस" म्हटलं की समजतं. विकत घेण्याआधी उंची मोजा. वरचं झाकण बसायला हवं. एनईएसमध्ये हा मोठा कपॅसिटर मागच्या बाजूच्या पत्र्याच्या डबीत आहे, जिथे पॉवर आणि ॲन्टेनाचे जॅक आहेत. त्या डबीचे डाग जाड आहेत आणि उष्णता ओढून घेतात, तिथे ४० वॉटचा आयर्न बरा.

खराब कपॅसिटर डोळ्यांनीही ओळखू येतो: डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी थर, जवळून हुंगलं तर माशासारखा वास. पण सपाट डोक्याचाही सुकलेला असू शकतो. बाहेर आलेलं द्रव प्रिंट खातं, म्हणून जुना काढल्यावर जागा अल्कोहोलने स्वच्छ करा आणि प्रिंट तुटली नाही ना ते कंटिन्युइटीने बघा. बाजूची पांढरी पट्टी मायनस. उलटा लावला तर तो फुटतो, तोंड जवळ नेऊन पहिल्यांदा पॉवर देऊ नका.

एनईएसचा लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो. पॉवर कमी पडते का?

नाही. ही जगभरची गैरसमजूत आहे आणि तिच्यापायी चांगले ॲडॅप्टर फेकले गेले. एनईएसमध्ये एक लॉक चिप आहे. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप असते. दोघींचं बोलणं जुळलं नाही की सेटमधली चिप सेकंदाला साधारण एकदा रिसेट देते, तोच दिवा लुकलुकताना दिसतो. कॅसेट न घालता चालू केला तरी एनईएस असाच लुकलुकतो.

दोष ७२ पिनांच्या कनेक्टरमध्ये. आधी कॅसेटच्या पितळी पट्ट्या अल्कोहोलच्या काडीने पुसा, काडी काळी येणं बंद होईपर्यंत. फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावाच पट्ट्या काळ्या करतो. नंतर कनेक्टर काढून पाच मिनिटं पाण्यात उकळा, कॅसेट दहा-बारा वेळा आतबाहेर करा, परत उकळा, आणि पूर्ण दिवस वाळवा. फॅमिकॉम आणि आपल्याकडच्या टीव्ही गेममध्ये ही लॉक चिप नाही, टीव्ही गेमचा दिवा लुकलुकला तर तो खरोखर पॉवरचाच दोष.

दिवा लागतो, पण पडदा कोरा.

दिवा बऱ्याच सेटमध्ये ५ व्होल्टवर असतो, पण काहींत ७८०५ च्या आधीच. म्हणून दिव्यावर विसंबू नका, आउटपुट पाय मोजा. ५ व्होल्ट बरोबर असतील तर पॉवरचं काम संपलं. कॅसेटच्या पट्ट्या, स्लॉट आणि टीव्हीची वायर बघा.

इन्व्हर्टरवर गेम रिसेट होतो, लाइटवर नीट चालतो.

भारनियमनाच्या गावांत ही तक्रार खूप येते आणि दोष सेटचा नसतो. घरगुती लाइटची लाट साइन असते. २३० व्होल्ट म्हणताना तिचं टोक ३२५ ला पोचतं आणि ट्रान्सफॉर्मरचा ॲडॅप्टर त्या टोकावरच कपॅसिटर भरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या लाटेला टोक नसतं, ती सपाट २३० ची. त्यामुळे ९ व्होल्टच्या वाइंडिंगमधून साइनवर पावणेतेरा व्होल्टचं टोक मिळतं तिथे इथे ९ च मिळतात, डायोडमध्ये जवळपास दीड जातो, आणि ७८०५ काठावर येतो. ॲडॅप्टर गुणगुणतो तोही याच लाटेमुळे.

संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं तेव्हाही हेच. ९ व्होल्टचा ॲडॅप्टर मग साडेसहाच देतो. दोन्हीवर उपाय एकच: १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस ॲडॅप्टर. इनपुट कितीही हलला तरी तो ९ सोडत नाही.

मोबाइल चार्जर किंवा पॉवर बँकेवर चालवता येईल का?

५ व्होल्ट थेट जॅकमध्ये दिले तर ७८०५ मधून तीन-साडेतीनच बाहेर पडतील, सेट उठणार नाही. ५ चे ९ करणारी बूस्ट केबल मिळते. सेट अर्धा ॲम्पिअर घेत असेल तर ९ व्होल्टला साडेचार वॉट, वाया जाणारं धरून चार्जरमधून १.१ ॲम्पिअरच्या आसपास. २ ॲम्पिअरचा चार्जर घ्या. त्या केबलला मधे प्लस असतो हे विसरू नका. काहीजण ७८०५ काढून टाकून ५ व्होल्ट थेट बोर्डावर देतात. ते करू नका. एखाद्या दिवशी घरातलं कुणीतरी त्याच जॅकमध्ये ९ व्होल्टची पिन घालेल आणि अडवायला मधे काहीच नसेल.

पिन उलटी लावली गेली. आता?

लगेच काढा. इनपुटला मालिकेत डायोड असेल तर काहीच झालं नसेल, बरोबर ॲडॅप्टर लावून बघा. नसेल तर आधी ७८०५, मग मोठा कपॅसिटर तपासा. बऱ्याचदा चिप वाचते. दुरुस्तीनंतर जॅकच्या प्लस वाटेत एक १एन४००७ डायोड घाला, पट्टीची बाजू सेटच्या आत. त्यात ०.७ ते १ व्होल्ट जातो, ९ मधून तेवढा परवडतो.

प्लेस्टेशन वगैरे याच पद्धतीने उघडू का?

नको. त्यात वीजपुरवठा आतच असतो आणि मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो आणि जीव घेऊ शकतो. ज्यांना एसएमपीएस दुरुस्तीचा हात आहे त्यांच्याकडेच द्या. वर सांगितलेल्या सेटमध्ये आत साधारण १४ व्होल्टच्या वर काही नसतं; तरी ॲडॅप्टरची डबी मात्र प्लग काढल्याशिवाय उघडू नका.

सेट चालतो, पण कॅसेटमधला सेव्ह केलेला गेम रोज जातो.

सेटच्या पॉवरचा याच्याशी संबंध नाही. सेव्ह असलेल्या मूळ कॅसेटमध्ये ३ व्होल्टचा बटण सेल असतो, बऱ्याचदा सीआर२०३२. अडीचच्या खाली गेला की बदला. टॅब लावलेला सेल विकत घ्या. साध्या सेलवर थेट आयर्न टेकवला तर तो फुटू शकतो. नवा घालताना जुने सेव्ह जातात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.